फिलू टीचरना काही कळत नसे

फिलू टीचरना एखादी गोष्ट कळली नाही की भारी आनंद व्हायचा. आपल्याला न कळण्याची लाज वाटते. आपण मान डोलावतो, "हो, हो" म्हणतो आणि नंतर गुपचूप दुसऱ्या कोणाला तरी विचारतो. टीचर मात्र भर वर्गात, भर मासळीबाजारात, एकदा तर चर्चच्या पायरीवर खुद्द फादरना, चष्मा नाकावर खाली ओढून म्हणाल्या होत्या, "माका कळूक नाय हां. परत सांगा." आणि हे म्हणताना चेहरा असा उजळायचा, जणू कोणी पानात तळलेली सुरमई वाढलीय.

मी त्यांच्या वर्गात होतो. तेव्हाही आजच्यासारखाच होतो, म्हणजे जे माहीत नाही त्यावर सर्वांत जास्त बोलणारा. भरती-ओहोटी कशी येते, असं त्यांनी विचारलं आणि मी उभा राहून हातवाऱ्यांसकट चंद्र, समुद्र आणि दोघांचं प्रेम वर्गासमोर सादर केलं. चंद्र पाण्याला ओढून घेतो, हे सांगताना मी स्वतःच भारावून गेलो होतो. टीचरनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "माका कळूक नाय. मगे आमच्या बावडेतला पाणी कित्या ओढणा नाय तो चंद्र?" विहिरीचं पाणी चंद्र का ओढत नाही! मला वाटलं, आता छडी. तर त्या म्हणाल्या, "माका पण नीटसा म्हायत नाय. मी बघतंय, तू पण बघ. उद्या दोघांनी मिळान सांगूया. आता बस खाली, नाटक्या." त्या दिवसापासून मी नाटक्या. पुढे दशावतारी मंडळ काढलं, त्यात वर्षानुवर्षं संकासुर राक्षसाचा पार्ट केला, बाजाराच्या वळणावर सोडा-सरबताचं दुकान टाकलं, केस पांढरे झाले, तरी टीचरच्या तोंडी मी नाटक्याच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चौकशीचं सगळं खातं मासळीबाजारात हलवलं. सुमन त्यांची ठरलेली मासेवाली. टीचर टोपलीपुढे वाकून विचारायच्या, "ह्यो बांगडो खंयसून इलो गो? हेंचे थवे कोण पुढे नेता? म्होरक्यो असता काय हेंच्यात?" सुमन कमरेवर हात ठेवून म्हणायची, "टीचर, तुमका बांगडो खावचो आसा काय त्याची सोयरीक जुळवची आसा? गिऱ्हाइका खोळंबलीत माजी!" मग दोघी एकमेकींना मनसोक्त बोलून घ्यायच्या आणि टीचर बांगडे घेऊन तृप्त मनाने माझ्या दुकानात येऊन लिंबूसोडा प्यायच्या.

एकदा त्या आल्या ते सुमनला हाताला धरूनच. "नाटक्या, दोन सोडे. आणि तू कान बंद कर." कान बंद करणं मला कधीच जमलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सुमनला बाकड्यावर बसवून त्या म्हणाल्या, "आज तू माका एक शिवी घालूक नाय. पैशे पण कमी-जास्ती करूक नाय. काय झाला ता सांग."

सुमनने बराच वेळ पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "टीचर, बावडेच्या रहाटाची दोरी मी काढून ठेवलंय. तांदळाच्या पिंपात लपवलंय. माका घरात दोरी बघूक भय वाटता."

भय तिच्या दहावीतल्या पोराचं होतं. पोराचं, असं तेव्हा सगळे म्हणत. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून पेढे वाटले गेले होते. सुमनचा नवरा बाबल रिक्षा चालवतो. त्याने रिक्षाला माळ घालून गावभर ते वाटले होते. मूल मोठं होत गेलं तसं ते आईला सांगू लागलं, की मी मुलगा नाही, मी मुलगी आहे. आईने दटावलं, बापाने मारलं, शाळेत मुलांनी काय काय केलं ते तिथेच राहू दे. शेवटी तिने शाळा सोडली, बोलणं सोडलं आणि घराच्या माळ्यावर जाऊन बसली. जेवायला उतरे, न उतरे. (मी 'ती' लिहितोय. तिचं पहिलं नाव मला माहीत आहे, पण ती स्वतः ते वापरत नाही, मग मी कशाला खर्च करू?)

गंमत अशी, की हे प्रकरण आमच्या वाडीत सगळ्यांना कळलं होतं. शेजाऱ्यांना कळलं होतं की दृष्ट लागलीय. चुलत्याला कळलं होतं की मोबाइलचा परिणाम आहे. बाबलला कळलं होतं की पोर लाडाने बिघडलंय. मलाही अर्थात कळलं होतं. काय ते आता आठवत नाही, पण मी ते चार जणांना समजावूनही सांगितलं होतं. फक्त फिलू टीचर चष्मा खाली ओढून म्हणाल्या, "सुमन, माका कळूक नाय. मी तेकाच येऊन विचारतंय."

त्या गेल्या आणि माळ्याच्या शिडीखाली पाट घेऊन बसल्या. गुडघे दुखत होते, वर चढणं शक्य नव्हतं. तू कोण, तुला काय झालं, असं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "वरसून काय दिसता गो?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुमन सांगायची, टीचर येतात, विचारतात, कोरा चहा पितात, जातात. आणि एके सकाळी वरून आवाज आला.

"घार."

"काय करता ती?"

"काय नाय. फिरता."

"माका कळूक नाय. खावचा बघता काय उगाच फिरता?"

"उगाच फिरता. तिका बरा वाटता म्हणान."

घारीवरून मग वाऱ्यावर, वाऱ्यावरून होड्यांवर असं बोलणं बरेच दिवस चाललं. एकदा मात्र टीचरनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी त्याच, बांगड्याची चौकशी करायच्या सुरात विचारलं, "जीव देवचो विचार येता काय गो तुज्या मनात?"

चुलीजवळ बसलेल्या सुमनच्या हातातून फुंकणी पडली. असलं कोणी विचारतं का? नसला विचार तर डोक्यात शिरेल ना!

वरून उत्तर आलं, "येता."

"आज येता?"

"आज... आज नाय."

"बरा. येयत तेवा पयला माका सांगूचा. फोन करूचो. मी न्हातंय, जेवतंय, चर्चीत मिसाक बसलंय, कायव असांदे, उचलतलंय. सांगशीत मा?"

"सांगीन."

"आणि तुका हाक काय म्हणान मारू? मी इतके दिवस नुसता गो गो करतंय, माकाच बरा वाटणा नाय."

ह्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ लागला. मग माळ्यावरून, अगदी हळू, "मयुरी." किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या एका जुन्या होडीवर हे नाव रंगवलेलं होतं. शाळा चुकवून ती त्या होडीच्या सावलीत बसायची. दुसरं कुठलंच नाव तिने इतका वेळ, इतक्या जवळून बघितलेलं नव्हतं.

ह्यानंतर टीचरनी बाबललाच रिक्षा काढायला लावली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई होत्या तिकडे वरात नेली. मागे मयुरी, सुमन आणि टीचर. पुढे बाबल. डॉक्टरीणबाई आधी मयुरीशी एकटीशी बोलल्या, मग सगळ्यांना आत घेतलं. म्हणाल्या, "तिचं मुलगी असणं हा काही आजार नाही. तिला जी उदासी आलीय, तो आजार आहे आणि त्यावर आपण उपचार करू. पण घरीच तिला रोज कोणी खोटं पाडणार असेल, तर माझ्या गोळ्या तरी किती पुरतील?" त्यावर टीचरनी इतक्या शंका काढल्या, की शेवटी डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, "आजी, पेशंट नक्की कोण?" बाबल मात्र दाराशी उभा राहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

गोळ्या सुरू झाल्या, दर काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंशी बोलणं सुरू झालं, मयुरी खाली उतरून जेवू लागली. आणि इथे, मायबाप रसिकहो, आमच्या टीचरनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली.

त्या दुखरे गुडघे विसरून धावतच दुकानात आल्या. "नाटक्या! तुमच्या दशावतारात बायलांचे पार्ट बाप्येच करतत मा?"

"करतत. आणि असे करतत की खऱ्या बायलांनी लाजून घराक जावचा."

"मगे आमच्या मयुरीक घे!"

काय सांगू, आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. दशावतारात साडी नेसून उभा राहणाऱ्या नटाला आमच्याकडे मान असतो. त्याचा पदर कसा पडतो यावर बायका आठवडाभर बोलतात. बाबल तर फुलूनच गेला. "आमच्या आज्यान जन्मभर बायलांचे पार्ट केले! आणि चार झिलांचो बापूस झालो तो! मगे असा आधी सांगूचा नाय? नाटकात साडी, घराकडे प्यांट. मिटला!"

मंडळाच्या खोलीत आम्ही जय्यत तयारी केली. हिरवी जरीची साडी, गंगावन, मोत्यांची नथ, सगळं ट्रंकेवर मांडून ठेवलं. मयुरी आली. नाटकात भटजीचा पार्ट करणारे आमचे म्हातारे नट म्हणाले, "गळो बरो आसा." पखवाजवाला म्हणाला, "चाल पण बरी आसा. शिकवूक लागूचा नाय." बाबल छाती काढून उभा. मी ती साडी तिच्या खांद्यावर टाकून, दोन पावलं मागे सरून, राजा राणीकडे बघतो तसं बघितलं.

तिने साडी व्यवस्थित घडी करून ट्रंकेवर ठेवली, घरी गेली, माळ्यावर चढली आणि ह्या वेळी शिडीच वर ओढून घेतली. सुमनने रहाटाची दोरी पिंपातून काढून बहिणीच्या घरी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीचरबरोबर गेलो. इतका चूप मी लग्नातसुद्धा नव्हतो. बाबलही तिथेच, भिंतीला टेकून. टीचर पाटावर बसल्या. म्हणाल्या, "मयुरी, सगळ्या जगाक मी विचारीत फिरलंय आणि तुकाच विचारूक नाय. माका वाटला, माका कळला. तर माका कळूक नाय गो. परत सांग."

मग वरून आवाज आला, आधी कापरा, नंतर सरळ.

"टीचर, साडी नेसून मी मांडार उभी ऱ्हवान, आणि सगळे टाळ्ये वाजवतले. आणि खेळ संपलो काय म्हणतले, आता साडी सोड आणि घराक चल. माका ता नको. मी चेडू आसंय ता काय पार्ट न्हय. पार्ट मी बाप्याचो करतंय, लहानपणासून, रोज. कोणी एक टाळी वाजवूक नाय."

चेडू म्हणजे मुलगी, हे बाबलला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबल उठला आणि बाहेर जाऊन रिक्षात बसला. मी दारातून बघत होतो. त्याने हँडल धरलं होतं, पण रिक्षा सुरू केली नाही.

टीचरनी चष्मा काढला, पुसला, घातला. आणि नेहमीसारखा नाकावर खाली ओढला. "बरा. आता कळला. पण एक कळूक नाय. नाटक तुका आवाडता काय नाय?"

"आवाडता."

"मगे कोण होवचा आसा तुका?"

"संकासुर."

रसिकहो, ऐकलंत? संकासुर! माझा संकासुर! काळा झगा, टोकदार टोपी, काळा मुखवटा, त्याची लोंबणारी लाल जीभ. देवांचे वेद पळवणारा आणि भटजीची रेवडी उडवणारा, ज्याच्यासाठी पोरं पुढची जागा धरतात, तो राक्षस! टीचरनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी नाटकात पुष्कळदा मेलोय, पण इतका मनापासून कधीच नाही. म्हणालो, "भटजी म्हातारे झालेत. तेंचो पार्ट मी घेतंय."

वरून शिडी खाली आली.

पुढचे महिने तालमीत गेले. टीचर भिंतीपाशी बसून मला विचारायच्या, "संकासुराक वेद कित्याक व्हये होते रे? वाचूक, काय नुसते लपवूक?" मला उत्तर देता यायचं नाही. मयुरी द्यायची आणि रोज वेगळं द्यायची. बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्मही तिने त्याच दिवसांत भरला.

खेळ संध्याकाळचा होता, देवळाच्या मंडपात. आमच्याकडे खेळाआधी गाऱ्हाणं घालतात. मंडळाचा प्रमुख म्हणून ते मी घालतो. नारळ ठेवायचा, देवाला जाहीर हाक मारायची, नटांची नावं घेऊन त्यांच्यासाठी मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या साऱ्यांनी एका सुरात "व्हय महाराजा!" म्हणायचं. मंडप भरलेला. पहिल्या रांगेत खुर्चीवर फिलू टीचर, गळ्यात क्रॉस, हातात पंखा.

"बा देवा महाराजा! तुज्या मांडार आज ही लेकरां उभी आसत! हेंचो खेळ रंगानदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

एकेक नाव घेत गेलो. आणि संकासुरापाशी अडकलो. देवाच्या कानावर कुठलं नाव घालायचं? मंडळातले दोघे-तिघे आधीच कुजबुजत होते, की देवाकडे तरी खरं नाव घ्या. मयुरी काळ्या झग्यात, मुखवटा हातात घेऊन उभी. टीचरचा पंखा थांबला. मी, ज्याला बोलताना कधी थांबावं लागलेलं नाही, तो थांबलो.

मागून, खांबाजवळून, चिरका आवाज आला. "मयुरी. माजा चेडू ता." बाबल होता.

मी डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला. "बा देवा महाराजा! ह्या बाबलचा चेडू मयुरी तुज्या पायाकडे इलला आसा! तेच्या वाटेतला काय वायट-वंगाळ असात, ता सात समुद्रापलीकडे कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

गाऱ्हाण्याला व्हय म्हणायची आमची सवय इतकी मुरलेली आहे, की विचार करायला कोणाला सवडच मिळाली नाही. म्हणून झाल्यावर काही जणांच्या लक्षात आलं आणि ते एकमेकांकडे बघू लागले. पण देवासमोर दिलेला होकार आता परत कसा घेणार? सर्वांत मोठ्याने टीचर ओरडल्या होत्या. नंतर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "फादरांका सांगा नको."

आणि संकासुर असा झाला, की मी भटजीच्या वेषात संवाद विसरलो. आमच्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात, नटाने आयत्या वेळी रचायचे. मी वेदांची थोरवी सांगू लागलो, चांगला घोळवून. संकासुराने लाल जीभ हलवत सगळं ऐकलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "भटानू, माका कळूक नाय. परत सांगा." मंडप हशाने कोसळला. मी परत सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी खरोखरच घामाघूम. टीचर हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बेतात. टाळ्या थांबेनात. मुखवट्याच्या आतून मयुरीही हसत होती, ते मला दोन हातांवरून ऐकू येत होतं.

ह्यानंतर सगळं गोड झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. शेवट गोड करण्याची मला वाईट खोड आहे. पण नाही. टोमणे मारणारे अजून मारतात. मयुरीच्या मनाला मधूनच भरती-ओहोटी येते, डॉक्टरीणबाईंकडे अजून जावं लागतं. टीचरचा फोन पुढेही दोनदा-तीनदा अवेळी वाजला आणि दर वेळी उचलला गेला. पण पावसाळा सरल्यावर एके सकाळी सुमन मासे तोलता तोलता, वर न बघता म्हणाली, "टीचर, दोरी रहाटाक लावलंय." टीचरनी त्या दिवशी बांगड्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

मागच्या वर्षी टीचर अंथरुणाला खिळल्या. मयुरी आता कुडाळला कॉलेजात जाते, पण रविवारी येऊन त्यांचे केस विंचरायची. मी सोड्याच्या बाटल्या घेऊन जायचो. डॉक्टरांनी सोडा मना केला होता म्हणून आम्ही फक्त बुडबुडे बघायचो. शेवटच्या एका रविवारी टीचरनी विचारलं, "मेल्यार काय होता गो मयुरी?"

"माका खंय म्हायत, टीचर?"

"माका पण म्हायत नाय." चेहरा तोच, सुरमई वाढल्यासारखा. "बरा. मी बघतंय. पण तू घाई करू नको हां. पयला माका बघांदे."

मयुरीच्या हातातला कंगवा थांबला. मग तिने मान डोलावली आणि वेणी पुरी केली.

परवा दुकानात खारेपाटणकडचे एक गृहस्थ आले. शुद्ध मराठीत, सरकारी कचेरीत बोलावं तसं बोलत होते. "आपल्या मंडळात कोणी मयुरी म्हणून आहेत असं ऐकलं. आमची मुलगी... म्हणजे ती म्हणते की ती मुलगा आहे. शाळेत जात नाही. आम्हाला काय करावं समजत नाही." मागे फ्रीजपाशी चौदा-पंधराचं एक मूल बाटल्यांकडे बघत उभं होतं, केस कानाशी स्वतःच वेडेवाकडे कापलेले.

माझ्याकडे भाषण तयार होतं. घार, होडी, संकासुर, डॉक्टरीणबाई, सगळं ओळीने ओठांवर आलं होतं. मी घसा खाकरला, हात उचलला आणि माझ्याच तोंडून निघालं, "माका कळूक नाय. बसा, परत सांगा."

ते बसले. मी मागच्या मुलाकडे वळून विचारलं, "तुका खंयचो सोडा होयो? आणि हाक काय म्हणान मारू?"

बापाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी गाऱ्हाण्यातल्यासारखा हात वर केला, तसे ते गप्प झाले. मूल बाटल्यांकडे बघत राहिलं. बाहेर एक रिक्षा येऊन गेली, दोन गिऱ्हाइकं दारातूनच परतली. मी काहीही न बोलता उभा होतो.